गोठ्यातली होडी

माझ्या होडीला नगरच्या केडगावात जागा नाही. आमच्या सोसायटीत एक दुचाकी इंचभर इकडची तिकडे झाली तरी दोन घरं आठवडाभर बोलत नाहीत. तिथे ट्रेलरवरची चौदा फुटी होडी कोण ठेवू देणार? म्हणून ती माझ्या माहेरी, नेवासे तालुक्यात, दादाच्या गोठ्यात असते. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तिथून जवळ आहे.

कॉलेजात असताना पुण्याजवळच्या एका धरणावर मी शिडाची होडी चालवायला शिकले आणि ते खूळ डोक्यातून काही गेलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर जुनी फायबरची होडी विकत आणली. दादा म्हणाला, "गोठा मोकळाच हाय. आन हिकडं." वहिनींनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि वर साखर वाटली.

गोठा मोकळा का आहे, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. वहिनींच्या कमरेच्या मणक्यात गॅप निघाली, डॉक्टरांनी वाकायचं नाही, धार काढायची नाही म्हणून बजावलं, आणि त्यांची म्हैस घोडेगावच्या बाजारात विकली गेली. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. आपलं दावं घरी आणून गोठ्यातल्या खुंटीला अडकवायचं, म्हणजे बरकत घरात राहते आणि दावणीला पुन्हा जनावर येतं. वहिनी ते दावं मधूनमधून काढून उन्हात घालायच्या, झटकायच्या आणि परत खुंटीला लावायच्या. कंबर बरी झाली की म्हैस आणायची, एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःसाठी ठरवलेली होती.

होडीचं सुख घटकाभराचं आणि उस्तवार दिवसभराची. ट्रेलरची चाकं पाण्यात बुडतात, म्हणून दर वेळी बेअरिंग धुऊन ग्रीस भरायचं. तळाला गेलेले तडे घासून बुजवायचे. डोलकाठीला तीन बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा चिंधीने पुसायच्या. चिंधी कुठे अडकली तर तारेचा एखादा धागा तुटलाय असं समजायचं. वहिनी उंबऱ्यावर बसून बघायच्या. "वन्सं, म्हशीपरीस हिचंच लई हाय की! आन धार कवा देती?" मी हसायचे आणि शहाणपणा शिकवायचे. फायबरला ऊन चालत नाही, रंग उडतो, अंग ठिसूळ होतं, असं मी त्यांना चांगलं पटवून दिलं होतं.

गेल्या पौषातल्या एका रविवारी वाऱ्याने छान जोर धरला होता. दादा ट्रॅक्टर जोडून उभा. आडवी ठेवलेली डोलकाठी ट्रेलरला आवळायचे पट्टे मी केडगावलाच विसरून आले होते. वारा पडेल म्हणून जीव वरखाली होत होता. गोठ्यात शिरले, खुंटीवरचं दावं काढलं. सुताचं, तीन पेडी, वापरून मऊ झालेलं. पुढे एक आणि मागे एक असे दोन तुकडे हवे होते. होडी चालवणाऱ्याच्या खिशात चाकू असतोच. मी दावं मधोमध कापलं.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी त्याच गोठ्यात वाढले आहे. लहानपणी दाव्यावरून ओलांडून गेले तरी आई पाठीत धपाटा घालायची. कापताना हात जरासा थांबला होता, हे मला पक्कं आठवतं. मग मी नेटाने कापलं.

पाण्याच्या कडेला दादा डोलकाठी उचलायला लागला तेव्हा त्याच्या हाताला गाठ लागली. त्याने ती सोडली, तुकडा हातात घेऊन टोक बघितलं.

"हे दावं हाय," तो म्हणाला.

"पट्टे विसरले रे."

"इच्यारायचं तरी." एवढंच बोलून त्याने तुकडा ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवला आणि काठी उभी करायला खांदा लावला. मी तारा ताणल्या, खिळ्या घातल्या, शीड चढवलं. वारा हवा तसा होता. मी तशीच पाण्यात गेले, आणि काठावर पाठमोरा बसलेला दादा दिसत राहिला. वळून लगेच परत आले.

दुपारी पडवीत बसून मी दावं जोडलं. दोन्ही टोकांचे पेड उसवून एकमेकांत गुंफायचे, गाठ न मारता. हे मला येतं. जोड पक्का झाला, पण त्यात बरीच लांबी गेली. वहिनींच्या पुढे धरलं. त्यांना कळलंच होतं. त्यांनी सकाळीच रिकामी खुंटी बघितली होती.

"वहिनी, चुकलं माझं."

त्यांनी जोडावरून बोट फिरवलं. "हात चांगला हाय तुमचा," त्या म्हणाल्या. मग दावं गुंडाळत, "यंदा म्हैस आनायची म्हनतोय. डाक्टर व्हय म्हनले, धार तुमचे दादा काढत्याल."

मी मनापासून आनंदले आणि पुढच्याच क्षणी गोठ्याकडे बघितलं. गोठा होडीने भरला होता.

"बांधणार कुठे?"

"त्या लिंबाखाली. जनावराला उनाचं काय एवढं? तुमच्या होडीला न्हाई चालत."

माझेच शब्द होते. मी म्हटलं, होडी घेऊन जाते, केडगावात बघते कुठेतरी. वहिनींचा चेहराच उतरला. "एका दाव्यावरनं? गाव म्हनंल, वहिनीनं नंदंची वस्तू भायेर काढली. आमी काय बोललो का तुमाला?" दादाही म्हणाला, "ऱ्हाऊ दे गप." माहेरवाशिणीची वस्तू घराबाहेर जाणं हा त्या घराचा कमीपणा. मी फार ओढून धरलं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या सोयीचंच होतं, आणि घरच्यांच्या मानापानाचं निमित्त मला आयतं मिळालं.

म्हैस आली तेव्हा मी नगरहून चांगलं लांब, नवं दावं घेऊन गेले. वहिनींनी ते कौतुकाने बघितलं आणि खुंटीला लावलं. "हायच की घरचं," म्हणाल्या आणि म्हैस त्या जोडलेल्या दाव्यानेच बांधली. घरच्या दाव्याचं जनावर घरात टिकतं, यावर त्यांचा विश्वास आहे. माझाही आहे, म्हणून तर नव्या दाव्याचा आग्रह धरता येईना.

आता रविवारी मी गोठ्यात बसून बेअरिंगला ग्रीस भरत असते. म्हैस समोर लिंबाखाली. सकाळी तिच्यावर सावली असते. दुपार झाली की सावली पलीकडे सरकते. दावं लांब असतं तर म्हैस आपली आपण दोन पावलं सरकून बसली असती. जोडात गेलेली लांबी तेवढीच होती. वहिनींसाठी म्हणून मी उठले की त्या हात करून बसवतात, "तुमचे हात गिरीसचे हायेत, बुजंल ती." मग त्या एक हात कमरेवर ठेवून उंबऱ्यावरून उठतात, वाकतात, म्हैस सोडून पलीकडच्या खुंट्याला बांधतात आणि तशाच वाकून थोडा वेळ उभ्या राहतात.

होडीवर ऊन येत नाही.