लाकूड फुगलंय

दार अडतंय म्हणून कोणी बोलावलं की काका आधी हत्यारांची पिशवी खाली ठेवायचे, दार दोनदा उघडझाप करून बघायचे आणि मग म्हणायचे, “लाकूड फुगलंय.” हे वाक्य इतकं ठरलेलं होतं की गल्लीतली पोरं त्यांना ‘फुगलंयकाका’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण काकांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. सुताराला याहून वाईट नावं पडतात.

ते वाक्य त्यांनी ज्या इमारतीत म्हणून म्हणून झिजवलं, तिचीच ही गोष्ट. पण आधी माणूस समजून घ्यायला हवा.

काकांचा जगाशी वागण्याचा एकच नियम होता. साधं कारण हाताशी असताना लांबचं शोधत बसायचं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्यांची त्यांना मनापासून चीड होती. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या कपाटातून रोज संध्याकाळी टकटक ऐकू यायची. त्यांच्या सासूबाई नुकत्याच वारलेल्या, त्यामुळे त्याच परत आल्यात यावर घरात एकमत होतं. कोणासाठी आल्यात, एवढ्यावरच भांडण होतं. काकांनी वाकून बघितलं. कपाटाचा एक पाय अधांतरी होता. संध्याकाळी रस्त्यावर गाड्यांची वर्दळ वाढली की फरशी हादरायची आणि कपाट डुलायचं. त्यांनी पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली आणि म्हणाले, “सासूबाईंना बसायला दिलंय. आता त्रास देणार नाहीत.”

घरीही तेच. बायकोचं डोकं दुखलं की, “चष्मा पुसून बघ.” जावयाला यायला उशीर झाला की, “गर्दीत अडकला असेल.” बायको वैतागून म्हणायची, “उद्या मी मेले तरी म्हणाल, झोप लागली असेल.” यावर काका हसायचे. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. माणसाचा घात होतो तो अशाच सवयीने.

काकांची एकुलती एक लेक गल्लीच्या टोकाच्या पाच मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायची. ती, नवरा आणि चार वर्षांची चिऊ. घर स्वतःचं होतं आणि लेकीला त्याचा भारी अभिमान होता. शेजारची जागा बरीच वर्षं रिकामी होती. त्या वर्षी तिथे नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणला आणि त्यातलं पाणी उपसायला पंप बसवला. पंप अष्टौप्रहर घुरघुरत असायचा. पहिले काही दिवस लोकांनी कुरकुर केली, मग कानाला सवय झाली.

त्या उन्हाळ्यात पहिलं दार अडलं ते लेकीच्या समोर राहणाऱ्या सेक्रेटरींचं. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा कारभार बघणारे निवृत्त गृहस्थ, शिस्तीचे आणि जरा तोऱ्याचे. आता उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फुगत नाही, हे काकांना कोणी शिकवायला नको. पण त्यांनी विचारलं, “दार ओल्या फडक्याने पुसता का?” सेक्रेटरींची बायको म्हणाली, “हो, रोज.” झालं. लाकूड फुगलंय. वरचा कोपरा घासत होता, तो रंध्याने तासला आणि दार लागलं.

मग लेकीकडची बाथरूमची आणि बाहेरची दारं अडली. तिथे बाथरूमची वाफ होती. चौथ्या मजल्यावर लाकूडच हलकं होतं. पाचव्यावर गच्चीची ओल. तळमजल्यावर फरश्या उचकटल्या, तर खाली वाळू कमी पडली होती. जिन्याच्या भिंतीला भेग गेली, तर प्लास्टर म्हटल्यावर भेगा जायच्याच. काकांकडे प्रत्येकाला द्यायला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण साधंच होतं. लोक चहा पाजायचे, काका कोपरे तासायचे, आणि खाली पंप चालू असायचा.

एका सकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, लवकर या. चिऊ बाथरूममध्ये अडकलीय. दार हलतसुद्धा नाही.”

काका धावत गेले. जावई खांद्याने दार रेटत होता आणि आतून चिऊचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. काकांनी त्याला बाजूला केलं, वरच्या कोपऱ्यात पटाशी घुसवली आणि कसंबसं दार उघडलं. पोरीने त्यांच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेना.

“लाकूड फुगलं असेल ना, बाबा?” लेकीने विचारलं. तिला तेवढं ऐकायचं होतं, म्हणजे जीव भांड्यात पडला असता.

काकांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. हे दार त्यांनी महिन्यापूर्वीच तासलं होतं आणि बोटभर फट ठेवली होती. चिऊला लेकीकडे देऊन त्यांनी पिशवीतून गुण्या काढला, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, आणि आधी दाराला लावला. दाराची तासलेली कड सोडली तर बाकी सगळं काटकोनात. मग चौकटीला लावला. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेड दिसत होता.

ते बाहेरच्या दारापाशी गेले. तिथेही तेच. समोर सेक्रेटरींच्या दारापाशी गेले आणि मान वळवून दोन्ही दारं पुन्हा ताडून बघितली. लेकीच्या बाहेरच्या दाराचा घासलेला कोपरा कडीकडचा होता, सेक्रेटरींच्या दाराचा बिजागरीकडचा. दारं समोरासमोरची, म्हणजे दोन्ही कोपरे एकाच दिशेला, खड्ड्याच्या दिशेला. फडकं, वाफ, हलकं लाकूड, गच्चीची ओल, वाळू, प्लास्टर. इतक्या सगळ्या गोष्टी एकाच उन्हाळ्यात, एकाच इमारतीत, एकाच बाजूला? एवढा योगायोग मानायचा तर त्यापेक्षा शिंपीणबाईंची सासू मानणं सोपं. ज्याला ते साधं कारण म्हणत आले, ते नुसतं जवळचं कारण होतं. साधं कारण एकच होतं आणि त्या एकात सगळं बसत होतं. इमारत त्या बाजूने खचत होती. आणि ती महिनोन्‌महिने जे ओरडून सांगत होती, ते काका रंध्याने तासून टाकत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांनी पालिकेच्या ऑफिसात फोन केला. अर्ज द्या, माणूस येऊन बघेल, असं उत्तर मिळालं. मग ते सेक्रेटरींसमोर उभे राहिले. “साहेब, इमारत रिकामी करा. आजच.”

सेक्रेटरी हसले. “काका, परवापर्यंत लाकूड फुगत होतं. आता इमारत फुगली का?”

“माझी चूक झाली.”

“मग आज कशावरून होत नाहीये? रविवारी मीटिंग घेऊ.”

जावयाने त्यांना बाजूला घेतलं. पोरगा चांगला होता, सासऱ्याला मान देणारा. “बाबा, चिऊ अडकली म्हणून तुम्ही घाबरलात. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नये?”

लेक तर चिडलीच. “घराचे हप्ते अजून फिटले नाहीत आणि तुम्ही म्हणताय घर सोड? लोक काय म्हणतील?”

काकांना कळून चुकलं की ही माणसं त्यांचं ऐकणार नाहीत, कारण आजवर ती त्यांचं ऐकत आली होती. ते जिन्यात बसले. नुसतं टेकल्यावरही पायरी थरथरतेय असं त्यांना वाटलं; पंपामुळे असेल, असं मनात आलं आणि त्यांनी तो विचार झटकला. मग ते उठले, ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं आणि पाचव्या मजल्यापासून सुरुवात केली.

“वहिनी, दार फारच फुगलंय. माझ्या कारखान्यात नेऊन उन्हात ठेवावं लागेल. दोन दिवसांत आणून देतो.”

“अहो, मग रात्री झोपायचं कसं?”

“दोन दिवस बहिणीकडे जाऊन या की. किती दिवसांत गेला नाहीत.”

खरं सांगितलं तेव्हा हसले होते. खोटं सांगितल्यावर लोकांनी दारं काढून हातात दिली. फुगलंयकाका म्हणतात म्हणजे फुगलंच असणार. कोणी बहिणीकडे गेलं, कोणी भावाकडे, आणि कोणी उघड्या दारात खुर्ची टाकून बसलं. लेकीचं दार त्यांनी तिला न विचारताच काढलं. ती रागाने लाल झाली आणि चिऊला घेऊन तरातरा माहेरी निघाली. जावई मात्र सामान राखायला मागे थांबला. सेक्रेटरींनी दार दिलं नाही. “महत्त्वाचे कागद असतात माझ्याकडे,” म्हणाले आणि आतून कडी लावून घेतली.

दिवेलागणीला चिऊला आजीजवळ ठेवून लेक कारखान्यात आली ती भांडायलाच. काका दारं भिंतीला टेकवत होते, जशी इमारतीत उभी होती तशी, तोंडं त्या त्या बाजूला करून. लेक बोलायला लागली आणि मध्येच थांबली. सगळ्या दारांच्या माथ्यांचा उतार एकाच बाजूला होता, शेतातलं पीक वाऱ्याने एकाच अंगाला झुकावं तसा. ती सुताराची लेक होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

तिने नवऱ्याला फोन लावला. “आहात तसे बाहेर या. काही घेऊ नका.”

“येतो, येतो. पण अगं, सेक्रेटरी आत अडकलेत. दोघंही. दार उघडतच नाहीये. बाबांना विचार ना, काय करू?”

लेकीने फोन काकांच्या कानाला लावला. पळ, असं म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते. लेक त्यांच्याकडे बघत होती. पण ते दार तासून नीट लावून देणारे हात त्यांचेच होते.

“माझी कुऱ्हाड तुझ्या चौकटीपाशी राहिलीय, दार काढताना,” ते म्हणाले. “वरच्या कोपऱ्याला हात लावू नकोस, इमारतीचं वजन त्यावरच आहे. खालची फळी फोड आणि त्यांना रांगत बाहेर काढ. येताना जिन्यात सगळ्यांना ओरडून सांग.” आणि ते धावत सुटले, मागोमाग लेक.

ते पोचले तेव्हा खुर्च्या टाकून बसलेली माणसं रस्त्यावर आली होती. दारंच नसल्याने त्यांना उठून चालू लागण्यापलीकडे काही करायचंच नव्हतं. मग सेक्रेटरींची बायको आली, मग अनवाणी सेक्रेटरी, कपाळाला भुसा लागलेला. सगळ्यांत शेवटी जावई. लेकीने सगळ्यांदेखत त्याला घट्ट धरलं.

इमारत उभी होती. दिवे जळत होते. कोणीतरी म्हणालं, काही नाही झालं, उगाच घाबरवलं. सेक्रेटरी कपाळाचा भुसा झटकत काकांना म्हणालेच, “दारच होतं हो. लाकूड फुगलं असेल.”

काका खड्ड्याकडे बघत होते. पंप आपोआप बंद पडला होता आणि इतक्या महिन्यांनी गल्लीत शांतता झाली होती. त्या शांततेत, वर कुठेतरी, एखादं भलं मोठं दार धाडकन लागल्यासारखा आवाज झाला.

सेक्रेटरींचं चौकटीत अडकलेलं एक सोडलं, तर दारं सगळी कारखान्यात होती.