निवडीच्या आदल्या आठवड्यातली ओटी

२०१५च्या मे महिन्यात जगभरच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या बड्या धेंडांना स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलातून पहाटे पोलिसांनी उचललं. ती बातमी मी मोटरवेवर, गाडीतल्या रेडिओवर ऐकली. आरोप अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी ठेवले होते: सामने दाखवायचे हक्क विकताना लाच, मतं देताना लाच, वर्षानुवर्षं. मला त्यात फारसा रस नव्हता. मी फार्मासिस्ट आहे. औषध कंपनीची माणसं काय काय 'सहज' देऊन जातात ते मी उभं आयुष्य पाहिलं आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की रविवारी मुलीचं नाव लागतंय की नाही.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, गोलकीपर. शहराच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या संघासाठी निवड चाचण्या झाल्या होत्या आणि रविवारी नावं जाहीर होणार होती. दोनच गोलकीपर घेणार होते. गोलकीपर कोण, हे ठरवायचं काम तिच्या क्लबच्या कोचकडे होतं. कोच ओटाहुहु या उपनगरात राहणारी, मूळची सामोआ बेटांवरची बाई होती, धिप्पाड आणि कमालीची मृदू. मला बॉटनी या उपनगरातल्या औषधांच्या दुकानातून निघायला उशीर होई, म्हणून सरावानंतर तीच मुलीला घरी सोडून जायची.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला सासूबाईंनी तिची ओटी भरली होती.

त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मी घरी पोचले तेव्हा कोच गेलेली होती आणि आई खुशीत होत्या.

"दारापर्यंत येते, पोरीला उतरवते आणि जाते. आज आत बोलावलं. कोरडं कसं पाठवायचं?"

"ती सवाष्ण आहे का, विचारलंत तरी?"

"गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, शिट्टी होती. मी म्हटलं, चालेल."

कोचला पदर नव्हता. तिने जॅकेटचा घोळ पुढे धरला आणि आईंनी त्यात खण, नारळ, तांदूळ घातले. वर चांदीची वाटी. इथे कुणाकडे बारसं निघालं तर असावी म्हणून त्यांनी ती पुण्याहून आणली होती. कोचने जाताना वाकून आईंना नमस्कार केला म्हणे. तो तिला कुणी शिकवला नव्हता.

मी म्हटलं, "बरं केलंत," आणि कुकर लावला.

कोचने घरी गेल्यावर कपाळावरच्या कुंकवासकट, हातात वाटी धरून फोटो काढला आणि टीमच्या फेसबुक पानावर टाकला. खाली आजींचे खूप खूप आभार. फोटोला भरपूर अंगठे आले. मग अटकेची बातमी आली आणि त्या फोटोखाली एका मुलीच्या बापाने लिहिलं, 'अच्छा, म्हणजे हे असं करतात होय? आम्ही चाचणीला नुसती पोरगीच पाठवली!' पुढे हसरे चेहरे. त्याची मुलगीही गोलकीपर होती. दुसऱ्या दिवशी त्याने रीतसर तक्रार केली. त्यात हसरे चेहरे नव्हते.

क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. ते निवृत्त प्लंबर होते, शांत माणूस. म्हणाले, एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण हा आठवडा तसा नाही. युवकांची जागतिक स्पर्धा आपल्याच देशात सुरू होतेय, वरून सगळ्यांना सूचना आल्या आहेत, वर्तमानपत्रवाले क्लबांना फोन करताहेत. शुक्रवारी संध्याकाळी या. शक्य असेल तर आजींनाही आणा.

नवरा म्हणाला, "जर्मन सिल्व्हर आहे म्हणून सांग. कोण तपासतंय?"

"ती वाटी कोचकडे आहे. खाली शिक्का आहे."

"मग सांग, आईला निवड वगैरे काही माहीतच नव्हतं. ते तर खरंच आहे."

मलाही ते खरंच वाटत होतं. गुरुवारी भाजी निवडताना मी आईंना म्हटलं, उद्या तुम्हाला विचारतील की कोच संघ निवडते हे ठाऊक होतं का. नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

आई मेथीची जुडी सोडत होत्या. त्यांनी मान वर केली. "ठाऊक होतं की."

"कुणी सांगितलं?"

"पोरीनेच. रोज तेच तर बोलते. म्हणून तर चांदीची दिली. नुसतं घरी सोडते म्हणून द्यायचं असतं तर स्टीलचा डबा होता."

मुलगी डायनिंग टेबलापाशी गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. इथे मी ते मराठीतच लिहिते आहे. तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, तू हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? मला कुणी विचारलं नाही."

ती उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

शुक्रवारी क्लबच्या खोलीत हीटर होता, तरी आईंनी शाल सोडली नाही. अध्यक्ष, तक्रार करणारा बाप, कोच आणि आम्ही तिघी. अध्यक्ष आईंना इथल्या पद्धतीने "किया ओरा" म्हणाले, आईंनी हात जोडले. कोचने वाटी टेबलावर ठेवली. रडून तिचे डोळे सुजले होते.

ती म्हणाली, "आमच्यात म्हाताऱ्या माणसाने हातात दिलेलं नाकारत नाहीत. गोलकीपर मी त्याआधीच ठरवले होते. तिचं नाव त्यात होतं."

"आधी कुणाला बोलली होतीस?" बापाने विचारलं. आवाज चढवला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तक्रार केली असती.

"नाही."

मग अध्यक्ष आईंकडे वळले आणि मला म्हणाले, "त्यांना विचारा. ही बाई संघ निवडते हे त्यांना माहीत होतं का?"

मी विचारलं. घरून निघताना मी आईंना काही पढवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, परक्या लोकांसमोर त्या आपणहूनच गप्प बसतील.

आई सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "हो. नातीचं नाव घ्यावं म्हणून दिली. पोर मेहनत करते. कुणीतरी तिच्याकडे लक्ष द्यावं, एवढंच. पण या बाईला मी तसं काही म्हटलं नाही. तिला बिचारीला काही ठाऊक नाही."

खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही तिघीच. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'नाही, त्यांना माहीत नव्हतं,' एवढंच म्हटलं असतं की संपलं असतं. मुलीचं नाव राहिलं असतं, कोचचं काम राहिलं असतं. आईंना कळलंही नसतं. मुलगी माझ्या शेजारी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर मोठे मोठे वकील सांगत होते की आमच्या अशिलाला यातलं काही माहीत नव्हतं. अटका झाल्यापासून टीव्हीवर तेच चाललं होतं. मला वाटलं, माहीत नव्हतं हे म्हणायला किती सोपं असतं.

मी भाषांतर केलं. सगळं केलं, शेवटच्या वाक्यासकट.

बाप खुर्चीत मागे टेकला. त्याला जिंकल्यासारखं वाटत होतं असं दिसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, कोचवर ठपका नाही, पण या वयोगटाच्या निवडीतून ती बाहेर. गोलकीपरची चाचणी रविवारी पुन्हा होईल, शहराच्या उत्तर टोकाची एक बाई घेईल. ती कुणालाच ओळखत नाही. पाठीवर नंबर, नावं नाहीत. वाटी परत न्या.

आईंनी वाटीला हात लावला नाही. ओटीतलं परत घेत नाहीत. मी ती उचलून पर्समध्ये टाकली.

गाडीत आईंनी विचारलं, "मग, घेतलं का हिला?"

"नाही. परत चाचणी."

"पण मी तर खरं सांगितलं."

"म्हणूनच."

त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, मी आधी होते का नव्हते?"

"कोच म्हणाली ना, होतीस."

"ती तसंच म्हणणार ना?"

मी गाडी मोटरवेवर घेतली.

रविवारी वारा आडवातिडवा होता. उंच चेंडू कुठे पडेल ते कुणालाच कळत नव्हतं. मुलीने दोन चांगले अडवले आणि एक अगदी सोपा हातातून सोडला. तिला घेतलं नाही. त्या माणसाच्या मुलीला घेतलं. ती खरोखर चांगली खेळली, मी पाहिलं. मुलगी तिच्याजवळ गेली, हात मिळवला, परत आली आणि घरी येईपर्यंत हूडमध्ये तोंड खुपसून बसली.

त्यानंतर वर्षभर ती तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारत राहिली. आपण खरंच चांगल्या होतो का? कोचने शपथेवर सांगितलं तरी तिला पटेना. दरम्यान त्या बड्या लोकांतले काही न्यायालयात गुन्हा कबूल करत होते, काही अमेरिकेच्या ताब्यात जायला नकार देत होते. मी ते वाचायचं सोडून दिलं. त्यांचं काहीही होवो, मला काय त्याचं. माझ्या घरातली पोरगी कुणी शाबासकी दिली तरी देणाऱ्याच्या हाताकडे बघायला लागली होती.

पुढच्या मोसमात ती परत चाचणीला गेली. मी सुचवलं नव्हतं. उत्तरेकडची तीच बाई होती. या वेळी तिने नंबर वाचला तो आमच्या मुलीचा.

बाकीच्या पोरी उड्या मारत होत्या. आमची सरळ कुंपणापाशी माझ्याकडे आली, हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

"तू तिला काही दिलंस का?"

"नाही."

"बाबा?"

"बाबांना ती बाई कोण हेही माहीत नाही."

"आजी?"

"आजी पुण्यात आहे."

तिने तेवढ्यावर ऐकलं नाही. गाडीत बसल्याबसल्या मला पुण्याला फोन लावायला लावला, स्पीकरवर. तिकडे सकाळ होती. मोडक्यातोडक्या मराठीत तिने खडसावून विचारलं, "आजी, तू काय केलं?"

"मी? काही नाही गं," आई म्हणाल्या. आणि मग, "गणपतीला नारळ बोललेय फक्त."

मुलीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. चेहरा अगदी गंभीर होता.

"हे धरतात का?"

"नाही," मी म्हटलं. "तो निवड समितीत नाही."

तिने थोडा विचार केला. मग हातमोजे काढायला घेतले.