पेले वाजले की बाहेर

तलासरीकडे जमीन हलायला लागल्यापासून माझ्या लेकीच्या घरात दाराजवळच्या फळीवर स्टीलचे पेले एकावर एक रचून ठेवलेले असतात. बऱ्याच घरांत असतात. धक्का आला की माणसाच्या आधी पेल्यांना कळतं. पेले वाजले की हातातलं टाकून अंगणात पळायचं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. न जमणारी एकटी मी. मी उलटी आत पळते.

पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी रविवार होता म्हणून लेक घरी होती. नातीला कडेवर घेऊन ती अंगणात गेली आणि मागे बघते तर मी नाही. तिनं मला स्वयंपाकघरात ओट्याखालून, सिलिंडरच्या मागून ओढून काढलं. साठी उलटलेली बाई, पदर तोंडात कोंबून बसलेली. संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "आई, तू एकटी असतीस तर काही बोलले नसते. पण मी कचेरीत असते तेव्हा पोर तुझ्या भरवशावर असते." पुन्हा असं झालं तर नातीला कैनाडला सासूबाईंकडे ठेवीन, असंही तिनं सांगितलं. तिचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं.

आत पळायचं मी लहानपणी डहाणूला शिकले, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मालगाडी गेली की फडताळातली भांडी थरथरायची, आणि वडिलांची ड्यूटी सुटायची वेळ साधारण तीच. भांडी वाजली की आई माझ्याकडे नुसतं बघायची. मी ओट्याखाली कोळशाच्या जागेत शिरायचे आणि तोंडावर हात दाबून धरायचे. वडिलांचा पट्टा आईवर चालायचा. मी सापडले तर माझ्यावर. शेजारच्या मासी रेडिओ मोठा करायच्या. सकाळी आई माझ्या केसांतला कोळसा धुऊन वेणी घालायची आणि शाळेत पाठवायची. बाईंनी वळ बघून विचारलं की मी सांगायचे, मोरीत घसरले.

पुढे मी स्वतःच शाळेत बाई झाले. त्या काळातली मी म्हणजे एक नमुना होते. व्हरांड्यातल्या चपलांच्या आवाजावरून हेडमास्तरांचा आजचा रंग ओळखायचे आणि त्याला माझी हुशारी समजायचे. हॉटेलात भिंतीला पाठ लावल्याशिवाय मला चहा जायचा नाही. नवऱ्यानं मागून हाक मारली की हातातलं पातेलं जमिनीवर. तो बिचारा पुढे पुढे आधी खोकायचा, मग हाक मारायचा. आणि ही बया वर्गात भाषण ठोकायची, की वडिलांचा धाक होता म्हणून मी घडले! घरी येऊन दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपायची. अगं बाई, एवढी घडली होतीस तर कडीला का छळत होतीस?

लेकीनं मला डहाणूला समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. वयानं माझ्या लेकीएवढी पोरगी. तिनं सगळं ऐकून नाव सांगितलं, कॉम्प्लेक्स पीटीएसडी. एकाच प्रसंगाचा घाव नव्हे, वर्षानुवर्षं रोज बसत गेलेल्या भीतीचा. मी म्हटलं, चला, निवृत्तीनंतर एक पदवी मिळाली. ती हसली, पण खोटं बोलली नाही. हे पुसून जाणार नाही म्हणाली. शरीराला मात्र शिकवता येतं. भीती चढली की समोर काय दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं, पाय कुठे टेकलेत ते बघायचं. पहिलीच्या पोरांसारखं. मला लाज वाटली, पण केलं. लेक सकाळी मुद्दाम फळी हलवायची, नात टाळ्या वाजवायची आणि मी चालत चालत अंगणात जायचे. तालमीत मी अव्वल आले.

मग एके दुपारी ते खरंच आलं. मी तांदूळ निवडत होते, नात कॉटवर झोपली होती. आधी जमिनीतून घरघर आली, लांबून मालगाडी यावी तशी. मग पेले. त्यानंतरचं आठवतं ते एवढंच, की गालाला सिलिंडरचं गार लोखंड लागत होतं आणि नाकात कोळशाचा वास होता. त्या घरात कोळसा नाहीच.

वर एक कौल सरकलं, फुटलं. तेवढ्यात नात उठून धावत आली. दार उघडं होतं. तिला बाहेर पळता आलं असतं. ती वाकली, रांगत माझ्याजवळ आली, अंग चोरून बसली आणि तिनं आपल्या तोंडावर हात दाबून धरला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं माझा हात बघितला होता.

मी तोंडावरचा हात काढला. आवाज बेडकासारखा निघाला. "हा सिलिंडर. ही लाल लादी. हे माझ्या लेकीचं घर. माझ्या बापाला इथला पत्ता माहीत नाही." पोर टकामका बघत राहिली. मी तिला पुढे ढकललं आणि मागून रांगत निघाले. अंगणात पोचलो तेव्हा सगळं थांबलंही होतं. शेजारीपाजारी गोळा झालेले, त्यांनी आम्हाला बाहेरच बघितलं.

लेक स्कूटर टाकून धावत आली. शेजारीण कौतुकानं म्हणाली, आजी नातीला घेऊन बाहेर आल्या बघ. लेकीचा चेहरा उजळला. मी गप्प बसले असते तर तेवढ्यावर भागत होतं. मोरीत घसरले म्हणायची सवय होतीच मला.

"आधी आत गेले," मी म्हटलं. "ओट्याखाली. ही पण माझ्यामागे आली. मग बाहेर आलो."

तिनं विचारलं, "बाहेर कशी आलीस?"

"रांगत. तुझ्या लेकीपेक्षा बरं रांगता येतं मला."

ती हसली नाही. संध्याकाळी कैनाडला फोन लावायला आतल्या खोलीत गेली आणि मी दाराला कान लावला. ती जुनी हुशारी अजून शाबूत आहे. सासूबाई पोरीला पाठव म्हणत असाव्यात, कारण लेक थोडी थांबून म्हणाली, "नको, इथेच राहू दे. आई अजून घाबरते. पण काय झालं ते मला खरं सांगते."

मी दारापासून दूर झाले. थोड्या वेळानं ती बाहेर आली, माझ्याकडे न बघता कांद्याचं पोतं ओढत ओट्याखाली, माझ्या लपायच्या जागेत घालायला लागली. एकटीला जड जात होतं. मी दुसरं टोक धरलं.