सही त्यानंच केली

"आपको बोलने के लिए नहीं रखा है, मॅडम. आप बस झंडी पकड़िए."

हे तो बसच्या माइकवर बोलला. माइक चालू राहिला होता की मुद्दाम चालू ठेवला होता, माहीत नाही. बावीस फ्रेंच पाहुणे माझ्याकडं बघत होते. त्यांना हिंदी येत नव्हती. पण एका बाईला गप्प बसवलं जातंय हे कळायला भाषा कशाला लागते?

गटाला वाट दाखवायची ती झेंडी मी धरली. वर हसले.

तो दिल्लीच्या एजन्सीचा मॅनेजर. सहल विकणारी कंपनी फ्रान्सची. त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, की प्रत्येक शहरात तिथलाच गाइड मिळेल. चंदीगडची गाइड मी. जन्मले वेरूळजवळच्या वस्तीत. नवरा चंदीगडशेजारच्या डेराबस्सीत औषध कारखान्यात लागला म्हणून इकडं आले. इथल्या इमारती बघायला फ्रेंच लोक येतात हे कळल्यावर फ्रेंच शिकले. डेराबस्सीहून बसनं सेक्टर ४३, तिथून दुसरी बस, मग वर्ग. तीन वर्षं.

माझा गुन्हा एवढाच. मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हे शहर बांधलं कुणी? मॅनेजरनं वास्तुविशारदाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, ज्यांची गावं उठवून ही जमीन घेतली त्यांनी, आणि ज्या बायांनी डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहिली त्यांनीही. बस्स, झेंडी हातात आली.

माझा बाप वेरूळला लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत गारगोट्या विकायचा. परदेशी लोकांची बस थांबायची. जेवणाचे डबेसुद्धा त्यांच्या हॉटेलातून आलेले. कुणी बापाजवळ थांबलंच तर त्यांना घेऊन आलेला कोट घातलेला माणूस म्हणायचा, "चोर हैं सब, चलिए." बाप हसायचा. पाटी डोक्यावर ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. त्याच्या त्या हसण्याची मला चीड यायची. चंदीगडच्या त्या बसमध्ये मी अगदी तसंच हसले होते.

दुपारी पाहुण्यांना विमानतळाकडच्या एयरोसिटीजवळच्या हॉटेलात नेलं. हॉटेल परदेशी साखळीचं. पाण्याची बाटली परदेशी, चीज परदेशी. ड्रायव्हर आणि मी मागच्या दाराशी पायरीवर बसलो. ती म्हातारी बाई मला शोधत तिथं आली. खाली वाकून माझा हात धरला. म्हणाली, "आम्ही मुद्दाम हीच सहल घेतली. आमचे पैसे तुमच्यासारख्यांपर्यंत पोचतात ना, म्हणून."

तिनं माहितीपत्रक उघडून दाखवलं. त्यात माझा फोटो होता. त्याच्या खाली फुलकारीचं पंजाबी भरतकाम करणारे दोन हात. ते हात मी ओळखले. आमच्या शेजारच्या गुरमीत आंटींचे. मॅनेजरनं मागितला म्हणून तो फोटो मीच काढून पाठवला होता. तेव्हा त्यानं कबूल केलं होतं, की पाहुणे तासभर आंटींकडे येतील, भरतकाम बघतील, वाटलं तर घेतील.

त्या दिवशी आंटींनी सकाळीच अंगण धुतलं होतं. खाटेवर सात दुपट्टे मांडले होते. एकेका दुपट्ट्याला कित्येक महिने लागलेले.

मी मॅनेजरला आठवण करून दिली. तो म्हणाला, "वहाँ बाथरूम साफ़ नहीं होगा." गट हॉटेलच्या खालच्या दुकानात गेला. तिथं फुलकारी होती. मशीनची. चिठ्ठीवर दुसऱ्याच देशाचं नाव. बावीस जणांनी हौसेनं खरेदी केली. त्या म्हाताऱ्या बाईनंही. मला लांबून दाखवली, डोळ्यांत कौतुक. मी मान हलवली. मला तिला सांगता आलं असतं. भाषा येत होती. मी सांगितलं नाही. पुढच्या कामाचा विचार आला, लेकीची शाळा आठवली.

संध्याकाळी बस निघायच्या आधी मॅनेजरनं फ्रान्सच्या कंपनीला द्यायचा एक कागद पुढं केला. त्यात लिहिलेलं: स्थानिक कारागिराच्या घरी भेट दिली. स्थानिक कुटुंबात जेवण झालं. खाली माझं नाव छापलेलं, सहीची जागा मोकळी.

"साइन कर दीजिए. फ़ॉर्मॅलिटी है."

"नहीं करूँगी."

हात मी पाठीमागं घेतले.

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर, बसच्या पत्र्यावर कागद टेकवून, माझ्या नावाची सही केली. स्पेलिंगही चुकवलं. मग म्हणाला, "आपके बिना भी काम चलता है, मॅडम."

बस गेली. ती बाई काचेतून हात हलवत होती.

आंटी अजून अंगणातच बसल्या होत्या. मी एकटीच आलेली बघून त्या दुपट्ट्यांच्या घड्या घालायला लागल्या. "कोई गल नहीं, पुत्त. चाय पी."

मी फ्रान्सच्या कंपनीला पत्र लिहिलं. माझा आणि आंटींचा फोटो काढून टाका, तो कागद खोटा आहे. उत्तर आलं नाही. एजन्सीचा फोनही पुन्हा आला नाही. माझ्या जागी आता माझ्याच वर्गातली एक मुलगी जाते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, घर मुझे भी चलाना है." तिचं खोटं नव्हतं. कंपनीच्या वेबसाइटवर माझा चेहरा अजून आहे. हसरा.

तो फोटो मला काढता येत नाही. ती सही खोडता येत नाही. पण दर रविवारी त्यांची बस त्या हॉटेलच्या दाराशी येते तिथं मी जाते. पाहुणे खाली उतरले, की फ्रेंचमध्ये सांगते: माहितीपत्रकातली बाई मी. तुमचे पैसे आमच्यापर्यंत आले नाहीत. दोनदा सुरक्षारक्षकानं मला दंडाला धरून बाजूला केलं. बहुतेक पाहुणे खाली मान घालून पुढं जातात.

जाऊ देत. पुढच्या रविवारीही मी जाणार. सांगणार.