वकिलातीतली आमची खोली

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली माझ्या यजमानांची बदली यवतमाळला झाली आणि आम्हाला वकिलातीत खोली मिळाली. कापूस विकत घेणाऱ्या एका जपानी कंपनीचा साहेब पूर्वी त्या बंगल्यात राहायचा. कोणाकोणाच्या कागदांवर शिक्के मारून द्यायचा, गच्चीवर आपल्या देशाचा झेंडा लावायचा. म्हणून गाव बंगल्याला वकिलात म्हणे. जपानशी लढाई पेटली तेव्हा पोलीस साहेबाला कुटुंबासकट घेऊन गेले. मग तिथे रेशनचं धान्य राहिलं, आणि शेवटी आमच्यासारखी सरकारी बिऱ्हाडं.

आमच्या वाट्याला वरची मोठी खोली आली होती. उंच छत, रंगीत काचांची खिडकी. कळंबच्या माझ्या माहेरची माणसं आली की मान वर करून छतच पाहत. पण बंगला पाहायला कोणी आलं की माझ्याकडे थांबत नसे. सगळे खाली गाडीखान्यात, सरकारी मेकॅनिकच्या बायकोकडे, भाभीकडे, जात. तिचे वडील साहेबाचे ड्रायव्हर. ती त्या गाडीखान्यातच वाढलेली, आणि लग्नानंतर नवऱ्याला सरकारी क्वार्टर म्हणून तोच मिळाला. ती चुलीपुढे बसून साहेबाची मोटार, मेमसाहेबांच्या छत्र्या असं रंगवून सांगे. माझे यजमानही संध्याकाळी तिच्या नवऱ्याजवळ खाटेवर बसून ऐकत. “भाभीले सारं ठावं आहे,” असं घरी येऊन म्हणाले की माझी पोळी करपायची.

तीनचार वर्षांनी एक दिवस निरोप आला, साहेबाची मुलगी बंगला पाहायला येते आहे. मी खोली सारवल्यासारखी पुसून काढली, पोहे केले, ठेवणीतलं लुगडं नेसले. या वेळी तरी पाहुणी माझ्याकडेच येणार होती.

मोटार फाटकात थांबली. उतरली ती तिशीतली बाई, केस बारीक कापलेले. तिने बंगल्याकडे पाहिलं, मग गाडीखान्याकडे, आणि सरळ तिकडेच चालत गेली. भाभी दारात उभी होती.  पाहुणी मोडक्या हिंदीत म्हणाली, “चाचा?” भाभीने मान हलवली, “अब्बा गुजर गये.” मग दोघी गळ्यात पडून रडल्या. लहानपणी आवारात एकत्र खेळलेल्या त्या. मी वरच्या जिन्यात उभी राहून ते पाहत होते. पोहे गार झाले.

बऱ्याच वेळाने भाभी तिला वर घेऊन आली. पाहुणी खिडकीशी गेली, काचेवर हात ठेवून उभी राहिली. तिथे तिच्या आईचा पलंग असायचा म्हणे. मी भाभीला म्हटलं, “या नं आत.”

ती उंबऱ्याबाहेरच होती. “मले मेमसाब कधी इथं येऊ देत नव्हती, वहिनी. पोरगी आत खेळे, मी इथून पाहत राहे.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुम्ही आल्या अन् पहिल्याच दिवशी तुम्हाले ही खोली भेटली.”

माझाही कोणी हेवा करत असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं. क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण जाताना पाहुणीने आपल्या अंगावरची शाल काढून भाभीच्या खांद्यावर घातली, आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

पुढच्या वर्षी बंगला कचेरीसाठी रिकामा करायचं ठरलं. आम्ही आधी निघालो. भाभीच्या नवऱ्याची दिग्रसला बदली व्हायला उशीर होता, तेवढे दिवस ती वरच्या खोलीत राहायला गेली. राहिलेलं जातं आणायला मी एकदा गेले. ती खिडकीशी पाट टाकून केस वाळवत बसली होती, रंगीत उजेड तिच्या पाठीवर पडलेला.

“या, बसा वहिनी,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

माझ्याच खोलीत पाहुणी होऊन मी बसले. चहा चांगला झाला होता. मी अर्धाच प्याले.