धोंडाबाईचा कारळ्याचा मध

१९५८ साली ताम्हिणीकडच्या आमच्या गावात सरकारी योजनेतून सातेरी जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या पेट्या आल्या. डोंगरातलं मोहोळ जाळून मध काढायची सवय असलेल्या पुरुषांना त्यांचं हसू आलं. धोंडाबाईने मात्र दोन पेट्या मागून घेतल्या आणि उतारावर फुललेल्या कारळ्याच्या शेताकडेला मांडल्या. तिचा नवरा कुशाबा म्हणाला होता, वर्षभरात मध खपला नाही तर पेट्या परत द्यायच्या.

दसऱ्याच्या सुमारास मध निघाला. फिकट पिवळा, सौम्य, घशाला न लागणारा. पिरंगुटचे दुकानदार अलाउद्दीन यांनी तो चाखून सगळा ठेवून घेतला.

थंडी पडली आणि बाटल्यांतला मध तुपासारखा रवाळ थिजला. जंगलचा काळा, पातळ मध खाल्लेल्या गिऱ्हाइकांनी ठरवून टाकलं की हा साखरेचा पाक आहे. अलाउद्दीननी बाटल्या परत केल्या. गावात तिला कुणी मध मागेना. पाणवठ्यावर बायका तिला साखरवाली म्हणू लागल्या. कुशाबा पेट्या परत करायला निघाला. तिने एवढंच मागितलं, की पुढचा कारळा फुलेपर्यंत थांबा.

पुढच्या दसऱ्याला ती पिरंगुटला जाऊन अलाउद्दीनना घेऊन आली. वाटेत ते कुरकुरतच होते. शेताच्या बांधावर तिने पेटीतली, मेणाने बंद झालेली पोळ्याची चौकट त्यांच्या हातात दिली.

"भाई, आता तुमीच काढा. तुमच्याच हातानं, तुमच्याच बाटलीत भरा. मग बघू साखर कुनाच्या हातनं पडतीया."

मनगटावर दोन डंख सोसून त्यांनी मध काढला, बूच लावलं आणि बाटली नेऊन आपल्या दुकानातल्या कपाटात कुलूपबंद ठेवली.

ऐन थंडीत ते स्वतः एसटीने आले. बाटली तिच्या ओट्यावर उपडी धरली. थेंबही खाली आला नाही.

"माझ्याच कुलपात थिजलाय," ते म्हणाले. "आता साखरवाला मीच म्हनायचा."

धोंडाबाई हसली नाही. तिने ज्वारीच्या भाकरीवर तो रवाळ मध पसरून त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हापासून अलाउद्दीन थिजलेला मधच विकू लागले. कुणी शंका घेतली, तर हातावरचे डंख दाखवावेत तसे मनगट पुढे करून सांगत, हा मी भरलाय. तरीही काहींना ते पटत नसे. पण बाटल्या संपत.

फाल्गुनात कुशाबा आणखी तीन पेट्यांसाठी फळ्यांना रंधा मारत बसलेला दिसला. कुणी विचारलं तर म्हणे, बायकोचं काम हाय, मला काय कळतंय.