भूल देण्याआधीचे प्रश्न

“सिगरेट? व्हेप?” मी रेवाला विचारलं. उत्तर तिच्या आईनं दिलं. “छे हो डॉक्टर, आमच्याकडे तसलं काही नाही.”

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या आमच्या प्री-ऑप क्लिनिकमध्ये मायलेकी बसल्या होत्या. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतो, ते हे क्लिनिक. रेवा सोळा वर्षांची. काँडोच्या, म्हणजे राहत्या सोसायटीच्या, जिन्यावरून पडून गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं. माझे प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात आणि मी एकही गाळत नाही. पडलीस कशी? पुन्हा आईच म्हणाली, सकाळपासून उपाशी होती, चक्कर आली. तिला काही आठवतसुद्धा नाही. मैत्रीण म्हणे सांगत होती, हात झटके देत होते.

मी पेन खाली ठेवलं.

असे हात मी पाहिले होते. पुण्याच्या सरकारी हॉस्पिटलात शिकत असताना नाजूक हृदयाच्या पेशंटला झोपवायला आम्ही एटोमिडेट द्यायचो. डोळे मिटायचे आणि हात असेच उडायचे. ते दिवस फार आठवतात. थिएटरबाहेरचा लांब व्हरांडा, स्टीलच्या पेल्यातला चहा, एका पेशंटमागे अर्धं गाव. आई लपवायची ते मावशी हळूच सांगून जायची. “खरी हिस्टरी व्हरांड्यात मिळते,” असं आमच्या मॅडम म्हणायच्या. इथे या दोघींबरोबर तिसरं कुणीच नव्हतं.

अमेरिकेत फेंटानिलनं कोवळी पोरं नेली. इथे व्हेपवरच बंदी आहे, तरी एटोमिडेट चोरून त्यात भरून विकतात. दोन्ही आमच्याच कपाटातली औषधं.

मी आईला ब्लड टेस्टचा नंबर घ्यायला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर रेवाला मराठीत विचारलं, “व्हेप कधीपासून?”

“फ्रेंडनी दिला, आंटी. जस्ट ट्राय ओन्ली. मग थांबताच येईना.”

“आईला का नाही सांगितलंस?”

“पकडलं तर बाबांचा इथे राहायचा वर्क पास कॅन्सल होईल. सगळ्यांना परत जावं लागेल. माझ्यामुळे.”

मी तिला समजावलं. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. ऑपरेशनच्या ताणात ती ब्लडप्रेशर सांभाळते. व्हेपमधलं औषध तिला गप्प करतं. तू गप्प, ग्रंथी गप्प, तर टेबलावर मी काय करू?

सर्जनना फोन केला. ते वैतागले. “सोळा वर्षांची हेल्दी मुलगी. डिले कशाला?”

“ती एटोमिडेटचं व्हेप ओढते. त्या ग्रंथीचं हार्मोन, कॉर्टिसोल, बघितल्याशिवाय भूल देणार नाही.”

“माझी लिस्ट बिघडते.”

“दुसरा पेशंट घ्या.”

कॉर्टिसोल कमी आलं. मग रेवानं स्वतःच आईला सांगितलं. आई आधी रडली, मग कामाला लागली: उद्याचं तिकीट काढते, पुण्यात भावाच्या ओळखीचे सर्जन आहेत, इथे कुणाला कळायला नको. आपली माणसं अडचणीत पहिल्यांदा तिकीटच बघतात.

“पुण्याला न्याल,” मी म्हटलं, “पण ग्रंथी हिच्याबरोबरच येणार. आणि तिथल्या डॉक्टरांना हे कोण सांगणार?”

आई खाली बसली. आमच्या सोशल वर्कर बाईंनी तिला शांतपणे सगळं सांगितलं: मुलगी आपणहून पुढे आली, आता आधी उपचार आणि समुपदेशन. त्या म्हणाल्या, “हाइड, देन प्रॉब्लेम. कम फॉरवर्ड, वी हेल्प, लाह.”

रेवा महिनोन्‌महिने समुपदेशनाला जात राहिली. बाबांचा पास टिकला. ग्रंथी जागी झाल्यावर गुडघ्याची तारीख ठरली.

फेंटानिलची काचेची अँप्यूल फोडताना मला अजून पुणं आठवतं. पहिल्यांदा बोट कापलं ते तिथेच. ऑपरेशनच्या दिवशीही फोडली, तेव्हा रेवानं टेबलावरूनच मान वळवली. “हे कुठलं, आंटी?”

“फेंटानिल. दुखू नये म्हणून.”

“दॅट वन किल्स पीपल, वॉट.”

“हो. म्हणून मोजून देते आणि तू उठेपर्यंत इथून हलत नाही.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

भूलतज्ज्ञाचं निम्मं काम पेशंट जागा असताना होतं. मात्र त्या वेळी आईनं बाहेर बसलेलं बरं.